सायकलीची पारख

मुलांनो, आपल्या घरातील आजीला बाजारात मडके घेताना तुम्ही कधी पाहिले आहे काय? ती मडक्याचा रंग पाहते, घाट पाहते. परंतु तेवढ्यावर पैसे काढून देत नाही. ती मडके उचलून कानाजवळ धरते व त्यावर बोटाने टिचकी मारते. खणखणीत नाद आला तर मडके घेते. बद्द आवाज आला तर ते मुकाट्याने खाली ठेवते. आंबा घेताना ती देठाजवळ वास घेते आणि ज्वारी घेताना दाणा दाताखाली धरून पाहते. वस्तूचे रूप डोळ्यांना दिसते. पण तिचा गुण कळण्यास हात, कान, नाक आणि दात या सर्वांची साक्ष काढावी लागते, हे आजी जाणून असते.

ही गोष्ट मी बाराव्या वर्षी शिकलो. ती मला शिकविली एका लाल सायकलीने. आणि त्या शिक्षणाची किंमत मी नव्हे, तर माझ्या धाकट्या बहिणीने मोजली.

१९७१ साली मी सातवीत होतो. आमचे गाव सातारा जिल्ह्यात, डोंगराच्या पायथ्याशी. शाळा तालुक्याच्या गावी, चार किलोमीटरांवर. त्या वर्षी माझी बहीण पाचवीत गेली आणि तिलाही त्याच शाळेत जावे लागणार होते. एवढ्या लहान मुलीने रोज आठ किलोमीटर पायपीट कशी करावी, म्हणून वडिलांनी सायकल घेण्याचे ठरविले. ते प्राथमिक शिक्षक होते. नवी सायकल घेणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. दोन वर्षे काटकसर करून त्यांनी एकशे दहा रुपये साठविले होते. तेवढ्यात जुनी का होईना, पण बरी सायकल मिळेल, असा त्यांचा हिशेब होता.

जूनच्या आरंभी आम्ही तालुक्याच्या बाजारात एका दुकानी गेलो. तेथे दोन जुन्या सायकली विक्रीस होत्या. एक काळी होती. तिच्या दांडीवरचा रंग ठिकठिकाणी उडाला होता, सीटचे कातडे फाटले होते आणि घंटी तर नव्हतीच. दुकानदार म्हणाला, “ही एका पोस्टमनची. पंचाण्णव रुपये.” दुसरी लालभडक होती. तिची रिमे चांदीसारखी चमकत होती. हँडलच्या मुठींना रंगीत झुबके लावलेले होते, मागच्या मडगार्डवर पिवळी वेलबुट्टी काढलेली होती आणि घंटी अशी मंजूळ की, पुन्हा पुन्हा वाजवावी. तिची किंमत नेमकी एकशे दहा रुपये होती.

माझे मन त्या लाल सायकलीवर जडले. शाळेच्या फाटकातून मी ती घेऊन आत शिरत आहे आणि सारी मुले भोवती जमली आहेत, असे चित्र माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. वडिलांना यंत्रातले फारसे कळत नसे. त्यांनी मला एवढेच विचारले, “दोन्ही सायकली चालवून पाहिल्यास ना?”

मी एकही चालवून पाहिली नव्हती. तरीही मी “हो” म्हणालो. वडिलांनी पैसे मोजून दिले. काळी सायकल तेथेच भिंतीला टेकून उभी राहिली. दोन दिवसांनी आमच्याच गावच्या गवळीमामांनी ती विकत घेतल्याचे कळले. दोन्ही बाजूंना दुधाचे जड कॅन अडकवून ते रोज पहाटे त्याच रस्त्याने तालुक्यास जाऊ लागले. त्यांच्या त्या कळकट सायकलीकडे पाहून मला हसू येई.

पहिल्या आठवड्यातच लाल सायकल कुरकुर करू लागली. पायडल मारताना पाय भरून येत. चढावर तर बहिणीला उतरवून सायकल हाताने ढकलावी लागे. पुढचे चाक किंचित डुलत असे. ब्रेक दाबला तरी सायकल आपल्या मर्जीने थांबे. परंतु माझ्या डोळ्यांवर लाल रंगाची झापड होती. बहीण एकदा म्हणाली, “दादा, गवळीमामा एवढे ओझे घेऊन आपल्यापुढे कसे जातात रे?” मी तिला गप्प केले.

जुलै महिन्यातील गोष्ट. सकाळपासून पावसाची रिपरिप चालू होती. शाळेजवळ एक मोठा उतार आहे व त्याच्या तळाशी एक अरुंद मोरी आहे. बहीण मागे कॅरिअरवर बसली होती. निम्मा उतार संपला तेव्हा मला मोरीवर चढणारी एक बैलगाडी दिसली. मी दोन्ही ब्रेक दाबले. सायकलीचा वेग जराही कमी झाला नाही. मी मुठी पांढऱ्या पडेपर्यंत ब्रेक आवळले. चाके तशीच धावत राहिली आणि पुढचे चाक लटलटू लागले. बैलांच्या अंगावर जाण्यापेक्षा बरे म्हणून मी हँडल कडेला वळविले. रस्त्यालगतच्या खडीच्या ढिगावर सायकल आदळली. मी बाजूला फेकला गेलो. बहीण हातावर पडली.

तिच्या मनगटाचे हाड मोडले होते. ती रडतही नव्हती. नुसती पांढरीफटक होऊन हाताकडे पाहत होती. इतक्यात मागून गवळीमामा आले. त्यांनी उताराच्या माथ्यापासूनच ब्रेक हलके हलके दाबीत आणले होते. त्यांची सायकल हळूहळू, पण नेमकी आमच्याजवळ येऊन उभी राहिली. त्यांनी दुधाचे कॅन बैलगाडीवाल्याच्या हवाली केले, बहिणीला पुढच्या दांडीवर अलगद बसविले आणि सरकारी दवाखान्याकडे सायकल हाकली. ज्या सायकलीला मी हसत होतो, तीच माझ्या बहिणीला घेऊन पावसातून चालली होती. आणि मी लाल सायकल हाताने ढकलीत मागून धावत होतो.

संध्याकाळी वडील दवाखान्यात आले. बहिणीचा हात प्लास्टरमध्ये होता. वडील मला रागे भरले नाहीत. त्यांनी फक्त विचारले, “त्या दिवशी तू दोन्ही सायकली चालवून पाहिल्या होत्यास ना?” मी मान खाली घातली. त्या प्रश्नाचे खरे उत्तर द्यावयास मला त्या वेळी जो त्रास झाला, तो छडीच्या माराने झाला नसता.

रविवारी वडील मला व सायकलीला घेऊन बाजारपेठेच्या टोकाशी बसणाऱ्या सायकल मिस्त्रींकडे गेले. “हिच्यात काय आहे ते याला उघडून दाखवा,” एवढेच ते म्हणाले.

मिस्त्रींनी सायकल उलटी करून उभी केली आणि रिम चाकूच्या पात्याने खरवडली. चांदीसारखा रंग निघून आला व त्याखाली गंजाचे तपकिरी पापुद्रे दिसले. ब्रेकचे रबर त्यांनी माझ्या हाती दिले. ते दगडासारखे कडक झाले होते. मिस्त्री म्हणाले, “ओल्या रिमवर कोणत्याही सायकलीचा ब्रेक थोडा निसटतोच. म्हणून जाणता माणूस पावसात आधीपासून ब्रेक दाबतो. पण रिम गंजलेली, तिच्यावर रंग फासलेला आणि रबर असे वाळलेले. मग ब्रेकने धरावे तरी काय?”

नंतर त्यांनी पुढच्या चाकाचा आस सोडविला. हबच्या प्रत्येक बाजूस दहा छर्रे असावयाचे. तेथे एका बाजूस सातच निघाले. ज्या कोनावर ते फिरतात, त्यावर खड्डे पडले होते. खडखड ऐकू येऊ नये म्हणून आत मूठभर ग्रीस कोंबलेले होते. शेवटी त्यांनी चिमट्यावरून, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्यांवरून माझे बोट फिरविले. मानेच्या खाली बोटाला लहानशी सुरकुती लागली. “ही सायकल पूर्वी कोठे तरी आपटली आहे,” ते म्हणाले. “वाकलेला चिमटा सरळ करून त्यावर रंग दिला आहे. डोळ्याला दिसत नाही. बोटाला मात्र कळते.”

मी लाल रंगाला नावे ठेवू लागलो तेव्हा मिस्त्रींनी मला थांबविले. त्यांचे ते शब्द मी आजवर विसरलो नाही. “बाळ, रंगाला दोष देऊ नकोस. सायकलीला रंग हवाच. ओल आणि हवा लागली की लोखंड गंजते. रंग त्याला जपतो. पण रंग हा गंज येऊ नये म्हणून असतो. आलेला गंज झाकण्यासाठी नसतो.”

ती सायकल दुरुस्त व्हावयास दिवाळी उजाडली. जसे पैसे जमतील तसे भाग बदलले गेले: आधी ब्रेकचे रबर, मग कोन व छर्रे, मग दुसरा चिमटा, सर्वांत शेवटी रिमे. दर रविवारी मी मिस्त्रींच्या हाताखाली बसत असे. पाने पुढे करणे, छर्रे रॉकेलात धुणे, तारा आवळणे, अशी कामे करता करता सायकल म्हणजे काय, हे मला हळूहळू उमगत गेले. जे त्यांनी मला शिकविले, ते आता तुम्हाला सांगतो.

प्रथम सायकलीचे काम समजून घ्या. जुन्या घडणीच्या साध्या सायकलीत पायडलजवळच्या चक्राला बहुधा ४४ दाते असतात आणि मागच्या फ्रीव्हीलला १८. म्हणून पायडलचा एक फेरा झाला की मागचे चाक सुमारे अडीच वेळा फिरते. २८ इंची चाकाचा परीघ सुमारे सव्वादोन मीटर असतो. म्हणजे एका फेऱ्यात सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. चार किलोमीटरांच्या शाळेस जावयास सातशेहून अधिक फेरे मारावे लागतात. हबमध्ये छर्रे कमी असले, साखळी कोरडी असली किंवा चाक ब्रेकला घासत असले, तर या सातशे फेऱ्यांपैकी प्रत्येक फेऱ्यात तुमच्या पायांचे थोडेसे बळ वाया जाते. गवळीमामा ओझ्यासह आमच्या पुढे का जात, याचे उत्तर याच हिशेबात आहे.

आता पारख कशी करावी ते पाहा.

चाक जमिनीवरून उचलून फिरवा. रिम आणि ब्रेकचे रबर यांमधील फटीवर नजर ठेवा. फट एकसारखी राहिली तर चाक सरळ आहे. ती कमीजास्त होत असेल तर चाकाला ‘आउट’ आहे, असे मिस्त्री म्हणतात. थोडा आउट तारा आवळून काढता येतो. रिमच वाकली असेल तर तो पुरता निघत नाही. मग चाक दोन्ही हातांनी धरून आडवे हलवून पाहा. ते खुळखुळले तर हबचे कोन सैल तरी आहेत, नाही तर झिजले तरी आहेत.

तारा दोन दोन करून चिमटीत दाबा. सर्वांचा ताण जवळपास सारखा लागला पाहिजे. जुन्या काळ्या सायकलींच्या पुढच्या चाकाला ३२ तारा असत आणि मागच्या चाकाला ४०. कारण माणसाचा व कॅरिअरवरील ओझ्याचा भार मागे अधिक पडतो. ज्याने ही सायकल घडविली, त्याने शोभेसाठी एकही तार लावलेली नाही.

ब्रेक दाबून सायकल ढकलून पाहा. मागचा ब्रेक दाबला असता मागचे चाक फिरता कामा नये. पुढचा दाबून ढकलले तर मागचे चाक उचलले गेले पाहिजे. नखाने दाबून ब्रेकचे रबर मऊ आहे की कडक, तेही पाहा.

साखळीची परीक्षा तर तुमच्या कंपासपेटीतील पट्टीनेही होते. साखळीतील एका खिळ्यापासून पुढच्या खिळ्यापर्यंतचे अंतर अर्धा इंच असते. म्हणजे असे २४ दुवे बरोबर १२ इंच भरले पाहिजेत. साखळी ताणून मोजा. १२ इंचांवर एक अष्टमांश इंच अधिक भरले, तर साखळी झिजली आहे असे समजा. झिजलेली साखळी आपल्याबरोबर दात्यांनाही झिजविते.

सायकलीच्या मागे काही पावलांवर उभे राहून पाहा. दोन्ही चाके एका रेषेत दिसली पाहिजेत. मग सांगाड्याचे सांधे, विशेषतः हँडलखालचे, बोटाने चाचपा. केसासारखी चीर दिसली, तर ती सायकल फुकट मिळाली तरी घेऊ नका.

शेवटी सायकल स्वतः चालवून पाहा. दांडी पायांत घेऊन उभे राहिल्यावर दोन्ही तळवे जमिनीस टेकले पाहिजेत. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवली असता, पायडल खाली गेल्यावर पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. ‘पुढे वाढेल तेव्हा होईल’ म्हणून अंगापेक्षा मोठी सायकल घेणे म्हणजे ब्रेकपर्यंत हात न पोचणाऱ्याच्या हाती सायकल देणे होय.

कोणी म्हणेल, ही जुन्या सायकलींची कथा झाली. आता दुकानांत जाड टायरांच्या, अनेक गिअरांच्या, स्प्रिंगांच्या, चकत्यांच्या ब्रेकच्या सायकली उभ्या असतात. त्यांना ही पारख कशी लागू पडावी? पण पाहा, जवळजवळ समान उंचीची दोन चाके आणि मागच्या चाकाला साखळी, ही रचना इंग्लंडात जॉन केंप स्टार्ली यांनी १८८५ साली लोकांपुढे आणली. १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. त्याच वर्षी आपल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावास सायकलींचे दुकान काढले. पुढे लोखंडी नांगर घडविणाऱ्या त्यांच्या उद्योगाचा आरंभ त्या दुकानात झाला. तेव्हापासून सायकलीचे मूळ अंग फारसे बदललेले नाही. चाक आजही आसावर फिरते, साखळी आजही ओढते आणि ब्रेकने आजही चाकच थांबवावे लागते.

नव्या गोष्टी वाईट असतात, असेही नाही. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची रिम पावसात पोलादी रिमपेक्षा ब्रेकला पुष्कळच चांगली धरते. चढाच्या रस्त्यावर चांगला गिअर मोठाच उपकार करतो. पण प्रत्येक भागाला एकच प्रश्न विचारा: ‘तू माझ्या रस्त्यावर काय काम करणार?’ सपाट डांबरी रस्त्याने शाळेस जाणाऱ्याला मधल्या स्प्रिंगेचा उपयोग थोडा. उलट ती सायकलीचे वजन वाढविते आणि पायडलवर दिलेल्या दाबापैकी काही स्वतःच गिळते. खोल दात्यांचे जाड टायर चिखलात शोभतात. डांबरी रस्त्यावर ते सायकल जड करतात. शिवाय आणखी एक प्रश्न दुकानदारास विचारावा: ‘हा भाग बिघडला तर आमच्या गावच्या मिस्त्रीला तो मिळेल काय?’ स्वस्त सायकलीवर पुष्कळ गोष्टी लादलेल्या दिसल्या, तर त्यांपैकी कशात तरी कसर केलेली असणार, हे ओळखावे. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केलेली नाही.

माझी बहीण आता आजी झाली आहे. तिच्या डाव्या मनगटाला अजून किंचित बाक आहे. काही महिन्यांपूर्वी ती नातीला सायकल घेऊन देण्यासाठी निघाली, तेव्हा मीही बरोबर होतो. नात दुकानात शिरताच एका जांभळ्या सायकलीपाशी धावली आणि म्हणाली, “आजी, मला हीच!”

मला माझे सातवीतले दिवस आठवले. मी काही बोलणार, तोच बहिणीने हाताने मला थांबविले. तिने त्या बाकदार हाताने सायकलीचे पुढचे चाक उचलले व नातीला म्हणाली, “फिरव पाहू.” नातीने चाक फिरविले. दोघी वाकून फटीकडे पाहू लागल्या. मग ब्रेक पाहून झाले, तारा दाबून झाल्या, सांधे चाचपून झाले. शेवटी नातीने दुकानासमोर दोन फेऱ्या मारल्या. सायकल सर्व परीक्षांत उतरली.

“आता रंग बघ,” बहीण हसून म्हणाली. “आवडतो ना?”

जांभळी सायकल घरी आली. ती दिसावयास सुंदर आहे आणि चालावयासही चांगली आहे. रूप आणि गुण यांचे वैर नाही. आधी काय पाहावे आणि मागाहून काय पाहावे, एवढाच प्रश्न आहे.

अभ्यास

१. आजी मडके, आंबा व ज्वारी यांची पारख कशी करते?
२. वडिलांनी एकच प्रश्न दोनदा विचारला. दोन्ही वेळी त्याचा मुलावर काय परिणाम झाला, ते आपल्या शब्दांत लिहा.
३. ‘रंग हा गंज येऊ नये म्हणून असतो, आलेला गंज झाकण्यासाठी नसतो,’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा. सायकलीखेरीज आणखी कोणत्या गोष्टीस ते लागू पडते?
४. घरातील किंवा शेजारची एखादी सायकल घेऊन या पाठात सांगितल्याप्रमाणे तिची परीक्षा करा. साखळी मोजा. काय आढळले ते दहा ओळींत लिहा.
५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा: मन जडणे, आवाक्याबाहेर असणे, मान खाली घालणे, परीक्षेत उतरणे.